बोळाला दार कशासाठी?

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या पेठेतल्या एका बोळाला लोखंडी दार बसले. पेठेचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. त्यात एका मुलीचा संबंध आहे, आणि कोल्हापुरात पेठ सांगितली की गल्ली कळते, गल्ली कळली की घर कळते.

बोळ तो केवढा! दोघीजणी समोरासमोर आल्या तर एकीने भिंतीला टेकून उभे राहायचे, एवढीच रुंदी. शे-सव्वाशे पावलांत या गल्लीतून त्या गल्लीत. एका बाजूला जुन्या वाड्याची पडकी भिंत, दुसऱ्या बाजूला उघडे गटार, मध्ये एक खांब आणि त्यावर चालू असला तर असलेला दिवा. आमच्या गल्लीतल्या कितीतरी पुरुषांच्या तो बोळ खिजगणतीतही नव्हता, कारण त्यातून मोटारसायकल नेली की हँडल घासते. बायकांना मात्र तो तोंडपाठ. रेशनचे दुकान, बालवाडी, पिठाची गिरणी, दवाखाना, केएमटीचा थांबा, सगळे बोळाच्या पलीकडे.

दार बसले ते असे. नववीतली एक मुलगी संध्याकाळी सातच्या सुमारास शिकवणीहून परत येत होती. बोळाच्या तोंडाशी दोन पोरे रोज उभी असत, काहीबाही बोलत. त्या दिवशी एकाने वाट अडवली आणि तिचे दप्तर धरून ओढले. तिने हिसडा दिला आणि पळत घर गाठले. दुसऱ्या दिवशी रात्री गल्लीची बैठक बसली. पुरुष पंचवीसेक, आम्ही बायका तिघी, त्याही मागे उभ्या. कोणीतरी म्हणाले, पोलिसांत जाऊ. लगेच दुसऱ्याने समजूत घातली, "पोलीस कशाला? पोरं आपलीच हायती." मग बोळाला दार बसवायचे ठरले. वर्गणी आठवड्यात गोळा झाली. एरवी गटारावर फरशी टाकायला वर्ष लागते. सुरुवातीला कुलूप रात्रीपुरते होते. महिन्याभरात ते दिवसाही तसेच राहू लागले, कारण किल्ली ज्यांच्याकडे त्यांना रोज सकाळी उठून दार उघडायचा कंटाळा. मुलीची शिकवणी सुटली. ती दोन पोरे आता कोपऱ्यावरच्या पानपट्टीपाशी उभी असतात.

मी त्या बैठकीत गप्प बसले. इतकी वर्षे मोर्चे काढले, निवेदने दिली, आणि आपल्याच गल्लीत तोंड उघडले नाही. दार 'बायकांच्या सोयीसाठी' म्हणून पुढे आले होते, आणि आपल्याच सोयीला नको कसे म्हणायचे ते त्या घटकेला सुचले नाही. आता सुचते आहे ते लिहिते.

पहिली गोष्ट त्या "पोरं आपलीच हायती" या वाक्याची. पोरे आपली, तर मग मुलगी कोणाची? पोरांना हाक मारून, त्यांच्या आईबापांना समोर बसवून चार शब्द विचारणे कोणाला सुचले नाही असे नाही. ते अवघड होते. रोजचे शेजारी, एका मंडळातली माणसे, गणपतीत एका मांडवात बसणारी. त्यापेक्षा लोखंडाला कुलूप घालणे सोपे. वाट अडवणे, ओढाताण करणे, मागे मागे फिरणे हे गुन्हे आहेत. पाठलागाला २०१३च्या दुरुस्तीने कायद्यात वेगळे कलम आले, आणि जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते ७८वे कलम म्हणून आहे. तक्रार करायची की नाही हे त्या मुलीने आणि तिच्या घरच्यांनी ठरवावे, त्यांच्यावर आपण जबरदस्ती करू नये, हे मला मान्य आहे. पण तक्रार झाली नाही म्हणून शिक्षा थांबली का? ती झालीच. फक्त ती बोळाला झाली, आणि बोळातून जाणाऱ्या सगळ्या बायकांना झाली.

आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी मला हा हिशेब समजावला. "ताई, दोन घरं ह्या अंगाला, तीन त्या अंगाला. बोळातनं गेलो तर तीन मिनटं, वळसा घालून गेलो तर बारा. दिवसाला चार फेऱ्या हुत्यात. एक घर सोडलं मी." (कोल्हापूरबाहेरच्या मैत्रिणींना हे 'गेलो' खटकेल. आमच्या भागात बायकाही 'मी आलो, मी गेलो' असेच बोलतात. भाषेत मिळालेली ही बरोबरी रस्त्यावर का मिळाली नाही, असा विनोद आम्ही आपापसांत करतो.) चार फेऱ्यांना नऊ-नऊ मिनिटे म्हणजे छत्तीस मिनिटे. सकाळी नळाला पाणी येण्याची वेळ ठरलेली, पोरांची शाळा ठरलेली. त्या छत्तीस मिनिटांना जागा नव्हती म्हणून एका घराचा पगार गेला. बैठकीत बसलेल्यांपैकी कोणाचे एक रुपयाचेही नुकसान झाले नाही.

पलीकडच्या घरातल्या आजी काठी टेकत बोळातून दवाखान्यात जायच्या, मधुमेहाच्या गोळ्या आणायच्या आणि येताना एका मैत्रिणीकडे घटकाभर टेकायच्या. आता मुलाला वेळ असेल तेव्हा तो स्कूटरवरून नेतो. गोळ्या मिळतात. मैत्रीण मिळत नाही. बाळंतीण झालेली एक सून, तिची आई त्या गल्लीत आणि सासर या गल्लीत. दिवसातून दोनदा ती आईकडे जाऊन बसायची. आता मोठ्या रस्त्याने जायचे तर "कुठे निघालीस?" असे विचारणारी चार दुकाने लागतात.

पुरुषाचा प्रवास बहुधा सरळ असतो: घरातून कामावर, कामावरून घरी, मध्ये फार तर कट्टा. बाईचा प्रवास माळेसारखा असतो. मुलाला बालवाडीत सोडायचे, तिथून दळण टाकायचे, तिथून कामावर, येताना भाजी, मग सासूची औषधे. प्रत्येक टप्पा लहान, पण टप्पे पुष्कळ, आणि बहुतेक पायी. जागतिक बँकेने २०२२ साली भारतातल्या शहरांमधली वाहतूक आणि स्त्रिया या विषयावर एक पुस्तिका काढली. त्यात कामावर पायी जाणाऱ्या बायकांचे प्रमाण ४५.४ टक्के दिले आहे आणि पुरुषांचे २७.४ टक्के. त्यात रेशनला, गिरणीला, शाळेला जाणे धरलेलेच नाही, कारण ते 'काम' नव्हे! ज्या शहरात पायी चालणाऱ्यांत बायका जास्त, तिथे जवळची वाट बंद करणे हा स्त्री-पुरुषांचा प्रश्न आहे, नुसता वाहतुकीचा नव्हे.

कोल्हापूर हे तर मुळात पायाने घडलेले गाव. ब्रह्मपुरी, उत्तरेश्वर, खोलखंडोबा अशा जुन्या वस्त्या अंबाबाईच्या देवळाभोवती वाढत एकमेकींना मिळाल्या, आणि त्यांच्यामधल्या पाऊलवाटांच्या गल्ल्या आणि बोळ झाले. म्हणून जुन्या पेठांत सरळ चौक कमी आणि तिकट्या फार. पापाची तिकटी, मिरजकर तिकटी ही नावे उगाच नाहीत. तीन वाटा जिथे मिळतात तिथे माणूस थांबतो, बोलतो, बाजार भरतो. तटबंदी गेली, वेशी नावापुरत्या उरल्या, बिंदू चौकात बुरूज तेवढे उभे आहेत. ज्या गावाने आपला तट पाडला ते आता बोळाबोळाला दारे लावत बसले आहे.

आखून वसवलेल्या भागातही हे दुखणे आहेच, पण वेगळ्या रूपात. रेल्वे कोल्हापुरात १८९१ साली आली. १८९५ साली शाहू महाराजांनी शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवली. पुढे राजारामपुरी वाढली आणि या दोन भागांमध्ये रूळ आडवे आले. दोन्हीकडे गल्ल्यांना नंबर आहेत, सगळे कसे शिस्तीत, पण एकीकडून दुसरीकडे पायी जायचे तर परीख पुलाखालून. पावसाळ्यात त्या पुलाखाली पाणी साठते हे कोल्हापूरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. गाडीवाला वळसा घालतो आणि पेट्रोलला शिव्या देतो. कॉलेजची मुलगी किंवा पाठीवर पिशवी घेतलेली बाई काय करते? पाण्यातून जाते, नाहीतर जीव मुठीत धरून रूळ ओलांडते. पादचारी पुलाची मागणी वर्षानुवर्षांची. त्या मागणीच्या मागे राहणाऱ्यांत पायी चालणाऱ्या बायका किती आणि ठरवणाऱ्यांत किती, एवढेच विचारावेसे वाटते.

आमचे शहर आंदोलनाला मागे नाही. शहरातले सुमारे ४९ किलोमीटर रस्ते खासगी कंपनीकडून करून घेतले आणि त्यावर टोल लावला, तेव्हा अवघे कोल्हापूर रस्त्यावर आले. प्रा. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासारखी माणसे पुढे होती, बायकाही हजारोंनी होत्या, आणि २०१५च्या अखेरीस सरकारला टोल रद्द करण्याची घोषणा करावी लागली. त्या लढ्याचा मला अभिमान आहे, मीही त्यात चालले आहे. पण तो रस्ता चाकांचा होता. गाड्यांच्या वाटेवर नाके आले तर शहर पेटते आणि बायकांच्या वाटेवर कुलूप आले तर वर्गणी देते, हे कसे? एप्रिल २०१६मध्ये अंबाबाईच्या गाभाऱ्यात बायकांनी जावे की नाही यावर धक्काबुक्की झाली, कॅमेरे आले, देशभर बातमी झाली. गाभाऱ्याचे महत्त्व मी कमी करत नाही. पण गाभाऱ्यात बाई वर्षातून एखाद्या वेळी जाईल; बोळातून दिवसातून चार वेळा जाते. बोळासाठी कॅमेरा येत नाही.

आता खरी अडचण. दाराला पाठिंबा फक्त पुरुषांनी दिला असे मी लिहिले तर ते खोटे होईल. त्या मुलीच्या आईला दार हवे होते. मी तिच्याकडे गेले, चहा झाला, माझे सगळे म्हणणे तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "ताई, तुमचं बरोबर हाय. पण उद्या काय झालं तर तुम्ही येणार काय?" मला उत्तर देता आले नाही. मैत्रिणींनो, अशा आईला मागासलेली, पुरुषी विचारांची म्हणून मोकळे होणे फार सोपे आहे. तिची भीती खरी आहे. काही झाले तर गल्ली पहिल्यांदा तिलाच विचारणार, "पोरीला त्या वेळी पाठवलीस कशाला?" कुलूप हे तिचे त्या प्रश्नावरचे उत्तर आहे. आपण त्यापेक्षा चांगले उत्तर दिले नाही, तर तिने कुलूप का सोडावे?

भीतीचे काय करायचे ते याच शहराने एकदा दाखवले आहे. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी सकाळी फिरून परत येताना गोविंद पानसरे आणि उमाताई यांच्यावर घराजवळच गोळ्या झाडल्या गेल्या. पानसरे २० तारखेला गेले, उमाताई जखमी झाल्या, वाचल्या. त्यानंतर सकाळी फिरायला जाऊ नका, असे कोल्हापूर म्हणाले नाही. इथे 'निर्भय मॉर्निंग वॉक' निघू लागला. माणसे ठरवून, घोळक्याने, त्याच सकाळच्या वेळी चालली. ज्या वाटेवर भीती पेरली गेली तिथे पावले वाढवायची, हे उत्तर आम्हांला येत होते. मग नववीतल्या मुलीसाठी ते का आठवले नाही? तिच्यासाठी रोज संध्याकाळी सात वाजता आम्ही दहाजणी बोळात चाललो असतो, तर पहिल्या आठवड्यातच त्या पोरांना दुसरा कोपरा शोधावा लागला असता. तो त्यांनी दार बसल्यावरही शोधलाच. मग तिथेही चालावे लागले असते, हे कबूल.

ओस वाट भीतीची असते, वर्दळीची वाट तितकी नसते, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही, तरी ते त्यांनीही सांगितले आहे. व्हिएन्ना शहरात १९९१ साली काही बायकांनी एक छायाचित्र-प्रदर्शन भरवले होते. सार्वजनिक जागा कोणाची, शहरात बायकांचा दिवस कसा जातो, असा त्याचा विषय होता. साध्या बायकांच्या दिवसभराच्या फेऱ्या त्यात दाखवल्या होत्या. त्यातून तिथल्या नगरपालिकेला जाग आली, आणि पुढे पदपथ रुंद करताना, दिवे लावताना, बाळाची गाडी जाईल अशी उतरण करताना बायकांचे चालणे विचारात घेतले जाऊ लागले. आपल्याकडे शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईवर केलेल्या अभ्यासाचे पुस्तक २०११ साली आले. बाईला बाहेर पडायला 'कारण' द्यावे लागते आणि सुरक्षिततेच्या नावाने तिला घरी बसवले जाते, हे त्यांनी नीट मांडले आहे. आमच्या बोळात नेमके तेच घडले.

आणखी एक. बोळाच्या पलीकडच्या तोंडाशी एक भाजीवाली बसायची. दार बसल्यावर तिची गिऱ्हाइके गेली, तीही गेली. सकाळी सातपासून दुपारपर्यंत त्या बोळावर तिची नजर असे. कोण आले, कोण थांबले, सगळे तिला ठाऊक. पोरे संध्याकाळी उभी राहायची, सकाळी का नाही, याचे उत्तर तिच्या टोपलीत होते. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथावरून विनाअडथळा चालण्याचा हक्क हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले. फार चांगले झाले. पण त्याचा अर्थ भाजीवाल्या बायकांना हाकलणे असा कोणी काढू नये. चारचाकी लावून अडवलेला पदपथ आणि टोपली ठेवून बसलेली बाई एका मापाने मोजायच्या नाहीत. पथविक्रेत्यांचा २०१४चा कायदा आहे. त्यातल्या नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांच्या आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायकांच्या. आपल्या पेठेतली भाजीवाली त्या समितीपर्यंत पोहोचली आहे का, हे प्रत्येकीने आपल्या गावात विचारून पाहावे.

कायद्याचे म्हणाल तर दाराच्या बाजूचे लोक म्हणतात, बोळ नकाशावर नाही, तो वाड्याचा. महानगरपालिकांच्या १९४९च्या अधिनियमात 'रस्ता' या शब्दाची व्याख्या मोठी रुंद आहे. त्यात गल्ली, बोळ, पायवाट सगळे येते, आणि लोक वीस वर्षे अखंड ज्या वाटेने ये-जा करत आले ती वाटही येते. सार्वजनिक रस्त्यावर दिवाबत्ती करणे हे तर महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य. आमच्या बोळातून चाळीस वर्षे चाललेल्या बायका आहेत. त्या साक्षीदार आहेत. पण 'अखंड' या शब्दाकडे नीट बघा. दार जितके दिवस बंद राहील तितकी ती साक्ष कच्ची होत जाईल. कागदावर हक्क राहायचा असेल तर पायांनी चालत राहावे लागते. शाहू महाराजांच्या दरबाराने बायकांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध १९१९ साली कायदा केला, याची आठवण इथे प्रत्येक भाषणात निघते. त्या भाषणाच्या मांडवापासून बोळ फार लांब नाही.

गेल्या दोन महिन्यांत आम्ही थोडे हातपाय हलवले. मावशींनी, आजींनी, बालवाडीच्या बाईंनी आणि मी मिळून बोळातून जाणाऱ्या बायकांची यादी केली. कोण, कुठे, दिवसातून किती वेळा. बैठक पुन्हा बोलवायला लावली. या वेळी बायका पुढे बसल्या. दार काढा, असे म्हटल्यावर आरडाओरडा झाला, तेव्हा मावशी उभ्या राहिल्या आणि सोडलेल्या घराचा पगार सांगितला. पगाराचा आकडा ऐकल्यावर शांतता झाली. हक्काबद्दल मी दहा मिनिटे बोलले होते, त्याचा एवढा परिणाम झाला नव्हता. त्या पोरांच्या आयांशी बोलायला आम्ही चौघी गेलो. एकीने दार लावून घेतले, दुसरी रडली. तिचा मुलगा सध्या पानपट्टीवर दिसत नाही. किती दिवस, देव जाणे.

दार निघालेले नाही. पण किल्लीची दुसरी प्रत मावशींकडे आली आहे. सकाळी साडेसहाला त्या कुलूप काढतात आणि रात्री नऊला आमच्यापैकी जिची पाळी असेल ती लावते. संध्याकाळी साडेसहा ते साडेसात आम्ही दोघी-तिघी बोळाच्या पायरीवर बसतो, कोणी शेंगा सोलते, कोणी भाजी निवडते. दिव्यासाठी अर्ज दिला आहे. भाजीवालीला निरोप धाडला आहे, ती म्हणते आधी गिऱ्हाईक दाखवा.

परवा त्या मुलीची आई बोळाच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. आत आली नाही. खांबाकडे बघून तिने विचारले, "दिवा कधी लागणार म्हणाला?" मी म्हटले, अर्ज दिलाय. ती म्हणाली, "लागला की सांगा. शिकवणी सहाची हाय."